पेवात उतरण्यापूर्वी

सोलापूर, विजापूर, गुलबर्गा किंवा मराठवाडा या ज्वारीच्या मुलखात ज्यांचे बालपण गेले, त्यांना पेव म्हणजे काय ते सांगावयास नको. इंदूर-बडोद्याकडील मंडळींसाठी मात्र थोडा खुलासा करतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. त्याचे तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे अरुंद, आणि आतले पोट घागरीसारखे फुगलेले. त्यात ज्वारी भरावयाची, तोंडावर दगड ठेवावयाचा आणि वरून माती लिंपून टाकावयाची. आत वारा नाही, ओल नाही. त्यामुळे दाणा पुष्कळ काळ टिकतो, कीडही फारशी लागत नाही. सांगलीजवळच्या हरिपुरास हळदीची अशी पेवे होती. २००५ सालच्या महापुराने त्यांतील पुष्कळशी निकामी केली.

माझ्या आजोळी पेव उघडावयाचे म्हणजे आम्हा मुलांना तो एक लहानसा सणच वाटे. पण आजोबांची शिस्त कडक होती. दगड बाजूस सारल्यावर त्या दिवशी कोणी पेवाच्या काठाशी फिरकावयाचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेटलेला कंदील दोरीला बांधून आत सोडीत. ज्योत मंदावली, की कंदील वर आणि पेव आणखी एक दिवस उघडे. ज्योत स्थिर राहिली, तरच गडी आत उतरे. तोही कमरेला दोर बांधून, आणि दोराचे दुसरे टोक वरच्या दोघांच्या हातात. मी एकदा विचारले, "आजोबा, आत असतं तरी काय?" ते म्हणाले, "काही नसतं रे. म्हणूनच भ्यायचं."

पुढे कारखान्यांतील सुरक्षिततेच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, आणि आजोबांच्या त्या उत्तराची आठवण मला वारंवार होत राहिली. आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे ते अशाच बंद जागांविषयी. साखर कारखान्यातील मळीची टाकी, मद्यार्काच्या कारखान्यातील आंबवणीचे हौद, रसायनांच्या कारखान्यातील मोठमोठी पात्रे, जहाजांच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या टाक्या, मच्छीमार ट्रॉलरवरील मासळीचे खण, कातडी कमावण्याच्या कारखान्याचे सांडपाण्याचे खड्डे, गावातील विहीर, शहरातील गटार आणि आपल्या स्वतःच्या इमारतीखालची मैल्याची टाकी. धंदे निरनिराळे, मालक निरनिराळे, कायद्याची खातीही निरनिराळी. परंतु त्यांत माणसे मरतात ती मात्र एकाच रीतीने, आणि वर्तमानपत्रांत येणारी बातमीही बहुधा एकाच साच्याची असते. एक जण आत उतरला. तो बाहेर येईना, म्हणून दुसरा उतरला. त्या दोघांना काढण्यासाठी तिसरा.

या साच्याचे एक जुने उदाहरण लंडनमध्ये दगडी भिंतीवर लावलेले आहे. तेथील पोस्टमन्स पार्क नावाच्या लहानशा बागेत चित्रकार वॉट्स यांनी, दुसऱ्याचे प्राण वाचविताना स्वतःचे प्राण गमावलेल्या सामान्य माणसांचे एक स्मारक उभारविले. ते १९०० साली खुले झाले. त्यातील एका फरशीवर चार कामगारांची नावे आहेत. १ जुलै १८९५ रोजी ईस्ट हॅम येथील सांडपाण्याच्या पंपघरात आपल्या एका सोबत्याला वाचविण्याच्या प्रयत्नात ते मृत्यू पावले. फरशी सुंदर आहे आणि त्या चौघांचे धैर्य वादातीत आहे. पण सुरक्षिततेचे काम करणाऱ्या माणसाच्या मनात ती पाहून निराळाच प्रश्न उभा राहतो. एकाचा मृत्यू कदाचित अज्ञानामुळे झाला असेल. पुढील चार कशामुळे झाले?

या घटनेची शास्त्रीय चौकशी जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने केली. खाणीतील, गटारांतील, कोंदट घरांतील हवेच्या बाटल्या भरून आणून तिचे पृथक्करण करणे आणि वेळप्रसंगी ती हवा स्वतः हुंगून पाहणे हा त्यांचा जन्माचा उद्योग होता. खाणीत कनारी पक्ष्याचा पिंजरा न्यावा, ही सूचनाही त्यांचीच. ईस्ट हॅमच्या विहिरीत त्यांना अपराधी सापडला तो हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा वायू.

येथे आपण थोडे थांबून हवेचाच विचार करू. आपण घेतो त्या हवेत शंभर भागांत सुमारे एकवीस भाग प्राणवायू असतो; उरलेला बहुतेक नत्रवायू. प्राणवायूचे प्रमाण साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली गेले की ती जागा कामास अयोग्य मानावी, असा सर्वत्र संकेत आहे. प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आले, की माणूस शुद्धीवर राहत नाही. प्राणवायू जवळजवळ नसेलच, तर एक-दोन श्वासांतच तो कोसळतो; ओरडण्यास किंवा शिडीकडे वळण्यास त्याला अवकाशच मिळत नाही.

"पण गुदमरल्यासारखे वाटेल ना? वाटले की वर येऊ," असे कामगार म्हणतात, आणि ही समजूत सर्वांत घातक आहे. १९०५ साली याच हाल्डेन यांनी प्रीस्टली या सहकाऱ्यासह दाखवून दिले, की श्वास घेण्याची ओढ शरीराला लागते ती मुख्यतः रक्तातील कार्बन डायॉक्साइड वाढल्यामुळे. प्राणवायू कमी पडल्यामुळे नव्हे. पाण्यात बुडताना माणूस तडफडतो, कारण तो कोंडलेला वायू बाहेर टाकू शकत नाही. पण नत्रवायूने भरलेल्या टाकीत त्याचा उच्छ्‌वास मोकळेपणी चालू असतो. त्यामुळे छाती दाटत नाही आणि घुसमटही होत नाही. झालीच तर किंचित गुंगी येते, आणि क्वचित कारण नसता उल्हास वाटतो. निसर्गाने आपल्या शरीरात या संकटाची घंटा बसविलेलीच नाही.

मग बंद जागेतला प्राणवायू जातो तरी कोठे? पेवात ज्वारीचा दाणा स्वतःच श्वास घेत असतो. तो प्राणवायू वापरतो आणि कार्बन डायॉक्साइड सोडतो. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो. मळी आंबू लागली की तीही तेच करते. लोखंडी टाकी महिनोन्‌महिने रिकामी व बंद राहिली, तर ती नुसती गंजत असते. आणि गंजणे म्हणजे लोखंडाने प्राणवायू पिणेच होय. अशी टाकी धुतलेली, कोरडी, स्वच्छ दिसते. आत विष म्हणून काहीही नसते. आजोबा म्हणत ते हेच.

रसायनांच्या व खनिज तेलाच्या कारखान्यांत तर नत्रवायू मुद्दाम भरला जातो, कारण ज्वालाग्राही पदार्थांपाशी प्राणवायू असणे धोक्याचे असते. म्हणजे स्फोट टाळण्यासाठी योजिलेला उपायच आत शिरणाऱ्यास मारक ठरतो. हे केवळ अडाणी किंवा दरिद्री जागी घडते, असे मात्र समजू नये. १९ मार्च १९८१ रोजी अमेरिकेतील केनेडी अवकाशकेंद्रात 'कोलंबिया' या यानाच्या मागील भागात तंत्रज्ञ कामासाठी शिरले. काम सुरू करण्यास हरकत नाही असे त्यांना कळले होते. नत्रवायू अद्याप आत सोडलेला आहे, हे मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. ते कोसळले. त्यांपैकी एक त्याच दिवशी आणि दुसरा काही दिवसांनी मृत्यू पावला. यान अजून जमिनीवरच होते. जगातील अत्यंत कुशल संस्थेत जे टळू शकले नाही, ते एखाद्या सहकारी कारखान्याच्या आवारात केवळ "सांभाळून जा रे बाबांनो" एवढ्या सूचनेने कसे टळावे?

हायड्रोजन सल्फाइडची तऱ्हा आणखी निराळी. सांडपाणी, कुजकी मासळी, चामड्याचा मळ यांतून तो निघतो. हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचा एक भागदेखील नसला, तरी नाकाला वास येतो. तेव्हा हा प्रामाणिक शत्रू आहे असे वाटते. परंतु प्रमाण शंभर भागांपर्यंत गेले, की काही मिनिटांतच नाक बधिर होते आणि वास नाहीसा होतो. आत उतरलेल्यास वाटते, वास गेला, आता हवा सुधारली! पाचशे ते हजार भागांच्या दरम्यान माणूस पाहता पाहता बेशुद्ध होतो. दुसरी गोष्ट म्हणजे हा वायू गाळात विरघळून दबा धरून बसतो. सकाळी उपकरणाने हवा तपासली, निर्दोष निघाली, माणूस उतरला, त्याने फावड्याने गाळ हलविला, आणि त्या क्षणी वायू उसळून वर आला. म्हणून एकदा तपासून भागत नाही; आत काम चालू असेतोवर तपासणी चालू ठेवावी लागते. तीही वर, मध्ये आणि तळाशी, अशी तिन्ही ठिकाणी.

आजोबांच्या कंदिलाची मर्यादा येथे स्पष्ट होते. कंदिलाची ज्योत प्राणवायू सोळा-सतरा टक्क्यांच्या आसपास आला की विझते. त्या हवेत माणूस अद्याप जिवंत राहू शकतो, म्हणून पेवापुरती ती कसोटी बरी होती. पण माणसाला लोळविणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडमध्ये कंदील खुशाल तेवत राहील. आणि गटारात मिथेन किंवा पेट्रोलची वाफ असली, तर त्याच कंदिलाने स्फोट होईल. आज तळहातावर मावेल असे चार वायू एकदम मोजणारे उपकरण मिळते. ज्या कारखान्यात वर्षातून चार वेळा टाकी साफ होते, तेथे ते नसावे याला पैशाचे कारण सांगता येणार नाही. आणि ते कपाटात कुलूपबंद, किल्ली रजेवर गेलेल्या साहेबांपाशी, असेही असू नये. हे मी पाहिलेले आहे.

आता उपायांविषयी. या बाबतीत आपल्याकडे क्रम उलटा लागलेला आहे. सुरक्षितता म्हटली की प्रथम मुखवटा आणि शिरस्त्राण आठवते. वस्तुतः पहिला प्रश्न असा, की माणसाने आत जाण्याची गरज आहे काय? उंच दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने टाकी बाहेरून धुता येते; गाळ पंपाने ओढून घेता येतो. गटारे उपसणारे यंत्र केरळातील तरुण अभियंत्यांनी बनविले आणि २०१८ साली तिरुवनंतपुरम येथे ते कामास लागले. टाकी बांधतानाच तळाला उतार आणि बाहेर काढता येईल असे झाकण ठेवले, तर पुढील तीस वर्षे कोणालाही आत शिरावे लागत नाही. नकाशा काढणाऱ्याच्या एका रेषेने जे साधते, ते पुढे शंभर सूचनाफलकांनीही साधत नाही असा माझा अनुभव आहे.

जाणे अटळच असेल, तर टाकीकडे येणाऱ्या सर्व वाटा तोडावयाच्या. झडप बंद करून भागत नाही; झडपा गळतात, आणि दूर कोठेतरी कोणी अजाणता ती उघडतोही. नळाच्या दोन तोंडांमध्ये लोखंडाची भरीव चकती घालावी लागते किंवा नळच सोडवून ठेवावा लागतो. ही चकती किती मोलाची, हे इंदूरच्या श्रोत्यांना तरी वेगळे सांगावयास नको. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कारखान्यात नळ धुताना ती घातलेली नव्हती, असे तेथील कामगारांनी सांगितले. विषारी द्रवाच्या टाकीत पाणी त्याच वाटेने गेले की अन्य मार्गाने, यावर पुढे मोठा वाद झाला. परंतु चकती असती, तर त्या एका वाटेविषयी वाद करण्याचे कारणच उरले नसते. ढवळणी असलेल्या पात्रात विजेचा खटका बंद करून त्याला स्वतःचे कुलूप लावावे आणि किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात असावी, हेही याच जातीचे.

मग खेळती हवा. पंख्याला जोडलेली लांब नळी तळापर्यंत सोडून ताजी हवा आत लोटावयाची. कधी कधी कोणी हुशार मनुष्य जोडकामाच्या प्राणवायूचे नळकांडे आत सोडून देतो. हे कदापि करू नये. प्राणवायू वाढला, की तेलकट कपडा ठिणगीसरशी भडकतो. आतील दिवा कमी दाबाचा असावा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३६-अ कलमाने अशा जागी चोवीस व्होल्टांहून अधिक दाबाचा हातदिवा वर्ज्य ठरविला होता.

त्याच अधिनियमाचे ३६ वे कलम मी अनेकदा कारखान्यांतून मोठ्याने वाचून दाखवीत असे. सक्षम माणसाचा लेखी दाखला असल्याखेरीज, किंवा श्वसनाचे साधन आणि दोर बांधलेला पट्टा असल्याखेरीज, विषारी वायूच्या टाकीत कोणी शिरू नये, आणि त्या दोराचे मोकळे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असावे. आजोबांनी हे कलम वाचलेले असणे शक्य नव्हते. त्या अधिनियमाची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कायद्याचे नाव बदलले. टाकीतील हवा बदललेली नाही.

लेखी दाखल्याचा एक रोग मात्र सांगितला पाहिजे. तो कार्यालयात बसून, चहा घेता घेता, आठवड्याभराचा एकदम सही करून ठेवता येतो. सीमाभागातील एका कारखान्यात एका वयस्क मुकादमास मी विचारले, "तात्या, हवा तपासली का?" त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून दाखविला आणि निर्मळपणे म्हणाले, "हे काय साहेब, तपासलेलीच आहे की." कागदावर तारीख परवाची होती. दोष त्या तात्यांचा नव्हता. कागद हीच तपासणी, असे त्यांना वरच्यांनी वर्षानुवर्षे शिकविले होते. दाखल्यावर सही करणाऱ्याने टाकीच्या तोंडाशी उभे राहून, उपकरणावरील आकडा स्वतः पाहून, वेळ घालून सही करावी. पाळी बदलली की तो दाखला रद्द समजावा.

मुखवट्याचा विचार सर्वांत शेवटी. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मुखवटा वायूला अडवीत नाही. डबा लावलेला मुखवटा काही विषे शोषून घेतो. पण जेथे प्राणवायूच नाही, तेथे तो कोठून आणणार? तेथे पाठीवरचे हवेचे नळकांडे किंवा बाहेरून नळीने पुरविलेली हवाच चालते.

आता ईस्ट हॅमच्या त्या चौघांकडे परत येतो. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या इशाऱ्यात असे नमूद आहे, की अशा बंद जागांतील मृतांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक हे वाचवावयास गेलेले होते. म्हणजे आधी कामासाठी उतरणारा नव्हे, तर मागून धावणाराच बहुसंख्येने मरतो. तो बहुधा त्याचा भाऊ, मुलगा, मेहुणा किंवा एका ताटात जेवणारा सोबती असतो. त्याला त्या क्षणी "थांब" म्हणणे व्यर्थ आहे. थांबण्याचा निर्णय आधी झालेला असावा लागतो. आत उतरणाऱ्यास सर्वांगाला बसणारा पट्टा घालावा आणि तोंडावर तीन पायांची घोडी उभी करावी. तिला विहिरीवरील रहाटासारखे हाताने फिरविण्याचे चाक असते. सत्तर किलोचा बेशुद्ध देह नुसत्या हातांनी सरळ वर ओढणे दोघांनाही जड जाते. चाकाने ते एकटा करू शकतो. बाहेरच्या पहारेकऱ्यास एकच आज्ञा असावी: जागा सोडावयाची नाही आणि आत जावयाचे नाही.

हे सारे कारखान्यात निदान कागदावर तरी आहे. गावोगावच्या गटारांत व मैल्याच्या टाक्यांत तेही नसते. तेथे उतरणारा कोणाच्या हजेरीपटावर नसतो; ठेकेदाराने सकाळी नाक्यावरून त्याला आणलेले असते, आणि तो कोणत्या जातीचा असतो हे आपण सर्व जाणतो. २०१३ च्या कायद्याने असे धोकादायक काम करवून घेण्यास मनाई केली. २७ मार्च २०१४ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूबद्दल कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली. मृत्यूनंतरची रक्कम वाढली हे योग्यच झाले. पण गृहरचना संस्थेच्या सभेत टाकी उपसण्याचा सर्वांत स्वस्त दर मंजूर होतो, तेव्हा दोन माणसे आणि एक बादली असाच त्या दराचा अर्थ असतो. यंत्राची गाडी मागवा, असे म्हणणारा एक सभासद तेथे असला तरी पुरे.

शेवटी ज्या प्रसंगी यांपैकी कोणतीच सोय नाही आणि आत माणूस पडलेला आहे, त्याविषयी. उतरू नये. प्रथम अग्निशामक दलास कळवावे आणि आत वायू आहे, श्वसनाची साधने आणा, असे स्पष्ट सांगावे. तोवर जे झाकण उघडता येईल ते उघडावे, आसपासचे विजेचे पंखे किंवा फवारणीचा पंप असेल तो आणून नळीने पडलेल्या माणसाच्या तोंडाच्या दिशेने ताजी हवा सोडीत राहावी. पेट्रोल, मद्यार्क किंवा गटारी वायूचा संशय असेल, तर पंख्याची मोटर व खटका तोंडापासून दूर ठेवावा आणि विडी कोणी पेटवू नये. दोराला फास घालून तो वरूनच त्याच्या हातात किंवा काखेत अडकतो का, ते पाहावे. वर आल्यावर श्वास चालत नसेल, तर तेथेच कृत्रिम श्वास सुरू करावा. मात्र तो वायू हायड्रोजन सल्फाइड असेल, तर तोंडाला तोंड लावू नये, श्वास देण्याची पिशवी वापरावी. गाडी येईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटे काठावर उभ्या असलेल्या भावाला फार लांब वाटतील. त्याच्या हातात त्या वेळी पंख्याची नळी द्यावी आणि ती धरून ठेवण्यास सांगावे.